अनुभव धागा : तुमच्या कराराला 'हो' कोणी म्हटलं?

धागा काढणारा, रबाळे (निवृत्त)

गेल्या रविवारी भाचा जेवायला आला होता. महापेत एका कंपनीत आहे, मुदतीच्या नोकरीवर. वरणभात कालवता कालवता म्हणाला, "मामा, आमच्याकडे करार झाला. पेढे वाटले. पण मतदान कधी झालं?" मी म्हटलं, सभा झाली असेल. "कोणाची सभा?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि मी दोन टर्म कमिटी मेंबर होतो.

म्हणून हा धागा. ठाणे-बेलापूर पट्टा, वागळे इस्टेट, कोलशेत, पोखरण रोड, जिथे कुठे नोकरी केलीत तिथला युनियन आणि कंपनीतला पगारवाढीचा करार मंजूर कसा झाला आणि त्यात हातातून काय गेलं, तेवढं लिहा. कंपनीचं, युनियनचं, लीडरचं नाव नको. शिव्या घालायला दुसऱ्या जागा आहेत.

सुरुवात माझ्यापासून.

जुलै महिना. फर्स्ट शिफ्ट सुटायची आणि सेकंड भरायची वेळ, दुपारचे तीन. गेट मीटिंग. पाऊस असा की रस्त्यावरचे टँकर दिसत नव्हते, नुसते ऐकू येत होते. लीडर टेम्पोच्या फाळक्यावर उभे. करार बेचाळीस पानांचा, इंग्रजीत. त्यांनी पगारवाढ वाचली, एरियर्सचा आकडा वाचला, कॅन्टीनचा दर वाढणार नाही हे वाचलं. टाळ्या. मग म्हणाले, बाकीची कलमं नेहमीचीच आहेत, मंजूर असेल त्यांनी हात वर करा. आता पावसात प्रत्येकाच्या हातात छत्री. छत्री धरली म्हणजे हात वरच की! ज्याला मंजूर नव्हतं त्यानं काय करायचं, छत्री मिटून भिजायचं? दोघातिघांनी मिटली. आम्हाला वाटलं वाऱ्यानं उलटली असेल, हसलो. मिनिट बुकात लिहिलं गेलं : 'प्रचंड बहुमताने मंजूर.'

त्या नेहमीच्या कलमांत एक सतरावं होतं. मुख्य उत्पादनाशी थेट संबंध नसलेली कामं व्यवस्थापन गरजेप्रमाणे बाहेरून करून घेईल, युनियनची हरकत राहणार नाही. मुख्य उत्पादन म्हणजे काय, हे बेचाळीस पानांत कुठेच नव्हतं. आधी बाग गेली, मग कॅन्टीन, मग स्टोअर, मग पॅकिंग. कोणालाही काढलं नाही हं. माणूस रिटायर झाला की त्याची जागा भरायची नाही, इतकंच. मी लागलो तेव्हा पगाराच्या दिवशी दोन खिडक्यांवर रांगा लागायच्या. बाहेर पडलो तेव्हा सगळे परमनंट मिळून एका बसमध्ये मावत होते.

टाइम ऑफिस, तुर्भे

काका, मी टेबलाच्या पलीकडचा. आयुष्यभर करार टाइप केले, त्यामुळे जरा कायद्याचं बोलतो.

करारासाठी कामगारांचं मत घेतलंच पाहिजे, असं मला कुठल्या कायद्यात सापडलं नाही. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात, जो २०२५ पर्यंत चालला, युनियनच्या घटनेत काय काय हवं याची यादी होती : नाव, उद्देश, वर्गणी, सभासदांची नोंद, पदाधिकाऱ्यांची नेमणूक, हिशेब तपासणी. करार मंजुरी त्यात नव्हती. महाराष्ट्राचा युनियनच्या मान्यतेचा १९७१ चा कायदा, ज्याला आपण सगळे एमआरटीयू म्हणतो, त्यात तर गंमतच आहे. मान्यताप्राप्त युनियन असेल तिथे संपाच्या नोटिशीआधी सभासदांचं बहुमत घ्यावं लागतं, नाहीतर संप बेकायदा. म्हणजे संपाला मत लागतं, कराराला नाही. आणि हर्बर्टसन्सच्या खटल्यात १९७६ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलंय की मान्यताप्राप्त युनियन बोलणी करते तेव्हा सुटा कामगार मध्ये येतच नाही, करारातलं सगळं प्रत्येकाला माहीत असायला हवं असंही नाही. कंपनीचे वकील हा निकाल खिशात घेऊन फिरायचे.

आता बारा-तीन आणि अठरा-एक. ही १९४७ च्या, २०२५ पर्यंत चाललेल्या औद्योगिक विवाद कायद्याची कलमं, पण आमच्या ऑफिसात ती माणसांच्या नावांसारखी बोलली जायची. बारा-तीनचा करार म्हणजे सरकारी समेट अधिकाऱ्यासमोर झालेला. तो सगळ्यांना लागू, दुसऱ्या युनियनच्या माणसाला आणि उद्या कामाला लागणाऱ्या पोरालासुद्धा. अठरा-एकचा आपसातला, तो करार करणाऱ्यांपुरता.

आमच्याकडे एकदा दोन युनियनींचं भांडण चालू होतं, मान्यता कोणालाच नव्हती, म्हणून करार अठरा-एकचा झाला. मग साहेबांनी प्रत्येकाच्या नावाचं संमतीपत्र छापायला लावलं. सही केली की एरियर्सचा चेक. सही नाही, चेक नाही. माझ्या टेबलावर डावीकडे पत्रांचा गठ्ठा, उजवीकडे चेकांचा. गणपती आठ दिवसांवर. तीन दिवसांत दोघे सोडून सगळ्यांनी सह्या केल्या. एकानं विचारलं होतं, "भाऊ, वाचून दाखवता का जरा?" मागे रांग होती. म्हटलं, नंतर या. त्यानं तिथेच सही केली आणि चेक घेऊन गेला. नंतर तो आला नाही, मीही बोलावलं नाही.

पॅकिंग, पवने

मी तीन ठेकेदारांकडे काम केलं आणि मशीन एकच. हजेरीचं पुस्तक बदलायचं, गळ्यातलं कार्ड बदलायचं, मी त्याच बेल्टच्या त्याच टोकाला. सात महिने झाले की ब्रेक. महिनाभर घरी बसायचं, परत नवीन अर्ज, नवीन फोटो. वर्षात २४० दिवस सलग भरले तर टेम्पररीला परमनंट करावं लागायचं, म्हणून हे ब्रेक. हे मला कॅन्टीनच्या मावशींनी सांगितलं.

मीटिंगच्या दिवशी सगळे परमनंट गेटवर होते आणि लाइन आम्ही बायका चालवत होतो. लाइन थांबली नाही, हे मला तेव्हाही विचित्र वाटलं होतं. ते नसताना पण माल निघतोय म्हणजे मग ते कशाला हवेत, असं साहेब लोकांच्या मनात आलं नसेल का?

संध्याकाळी कमिटीचे एक दादा पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले. "घ्या ताई, करार झाला." मी विचारलं, दादा, आमचं काय ठरलं? ते म्हणाले, तुमचं पुढच्या वेळी घेऊ. पेढा कागदात गुंडाळून घरी नेला, पोरीला दिला.

पुढच्या वेळी म्हणजे तीन वर्षांनी. त्या तीन वर्षांत माझे चार ब्रेक झाले. खूप नंतर कळलं, आम्हाला परमनंट करा म्हणून युनियननं कोर्टात एक यादी दिली होती आणि ती केस करारात मागे घेतली. यादीत माझं नाव होतं म्हणे. नाव होतं हे मला नाव काढल्यावर कळलं.

वागळे इस्टेट, टूलरूम

आमच्याकडे गुप्त मतदान झालं होतं, म्हणून लिहितो. सगळा दोष हात वर करण्याचा आहे असं कोणी समजू नये.

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला भोक पाडून मतपेटी केली. चिठ्ठीवर 'हो' किंवा 'नाही'. करार असा की आम्हा जुन्यांना बरी वाढ, पण यापुढे लागणाऱ्यांचा ग्रेड वेगळा, आमच्या निम्म्याच्या आसपास. एकाच लेथवर, एकाच ड्रॉइंगचं काम करणारी दोन माणसं, दोन पगार. मोजणी झाली, 'नाही' जिंकलं. एकवीस मतांनी.

लीडर चिडले, पण त्यांचं एक वाक्य मला खोटं ठरवता आलं नाही. म्हणाले, "तुम्ही मला परत बोलणी करायला पाठवताय. हातात काय देऊन पाठवताय? संपाला तयार आहात?" कोणीच बोललं नाही. आजूबाजूची निम्मी शेडं तोवर बंद पडली होती, कुठे गोडाऊन झालं होतं, कुठे आयटीवाल्यांची काचेची इमारत. संप केला तर मालक जागा विकून मोकळा होईल, ही भीती बोलून दाखवायची गरजच नव्हती. दीड महिन्यानं तोच करार परत आला, दीडशे रुपये जास्त घालून. परत डबा, परत चिठ्ठ्या. या वेळी 'हो'. तिसऱ्यांदा कोणी विचारलं नाही. 'नाही' म्हटलं की पुन्हा विचारतात, 'हो' म्हटलं की कधीच नाही, हे तेव्हा लक्षात आलं.

त्यानंतरच्या वार्षिक सभेत आम्ही काही जणांनी घटनादुरुस्ती आणली. कराराचा मसुदा मराठीत, सात दिवस आधी नोटीस बोर्डावर, आणि मंजुरी गुप्त मतदानानंच. ते पास झालं. चौथी सूचना एका तरुण फिटरनं मांडली : वर्गणी भरणाऱ्या टेम्पररी पोरांनाही मत द्या. सभेचा नूर पालटला. "सहा महिन्यांनी जाणारा माणूस माझ्या पगारावर मत देणार?" "त्यांना उद्याची पर्वा नाही, संप म्हटलं की आधी हात वर करतील." एक जण तर म्हणाला, आधी परमनंट होऊ द्या, मग मत. सूचना पडली. मीही विरोधातच होतो.

पवन्याच्या ताई, तुमचं वाचून हे शेवटचं वाक्य खोडणार होतो. ठेवलं.

कळव्याहून

कामगार मी नाही, सून आहे. सासऱ्यांच्या कंपनीत करारासोबत व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, आली. बाबांना मत होतं, त्यांनी विरोधात दिलं, आणि दुसऱ्याच महिन्यात स्वतः व्हीआरएसचा फॉर्म भरला. विचारलं तर म्हणाले, "मत युनियनसाठी होतं, फॉर्म घरासाठी." नणंदेचं लग्न झालं, घराचं कर्ज फिटलं. पण सकाळी सव्वासहाला उठून डबा कुठाय विचारायची सवय चार वर्षं गेली नाही.

वाशी मार्केट, माथाडी

आमचं गणित निराळं. १९६९ चा माथाडी कायदा, बोर्ड, आणि लेव्ही, म्हणजे मजुरीवर व्यापाऱ्यानं बोर्डाला भरायची जादा रक्कम. मजुरी बोर्डात जमा होते आणि टोळीच्या हिशेबानं वाटली जाते. दरवाढीचं बोलणं युनियन आणि व्यापारी करतात, आम्हाला मुकादम सांगतो. हात वर करायची भानगडच नाही, हात गोणीखाली असतात. पण एक सांगतो, बोर्डाचा बिल्ला असलेला आणि बिल्ला नसलेला हा फरक आमच्याकडेही आहे, आणि नसलेल्याला टोळीत कोणी मत विचारत नाही. बाकी तुमचं चालू द्या.

टाइम ऑफिस, तुर्भे

वागळेवाले, तुमचा दुहेरी ग्रेडचा करार बारा-तीन होता का? असेल तर जे तेव्हा शाळेत होते तेही त्या 'हो' नं बांधले गेले. फक्त माहितीसाठी.

महापे, मुदतीवर

मामांनी माझ्या जेवणाचा धागा केला, आता मलाच लिहावं लागणार.

माझ्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये नोकरी संपण्याची तारीख छापलेली आहे. काढतोय असं कोणी म्हणायची गरज नाही, तारीख आली की आपोआप. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, त्यात फिक्स्ड टर्म, म्हणजे मुदतीची नोकरी, कायद्यातच आहे. चांगलं काय, तर परमनंटसारखाच पगार द्यायचा असं लिहिलंय आणि ग्रॅच्युइटीला पाच वर्षं थांबायला नको, एक वर्ष पुरे. वाईट काय ते मामांना पटवायला मला अर्धा तास लागला. माणसं कमी करायला किंवा कंपनी बंद करायला सरकारची परवानगी पूर्वी शंभर कामगारांपासून लागायची, आता तीनशेपासून. मामांची एका बसमध्ये मावणारी परमनंट मंडळी त्यात कुठे बसतात बघा.

आणि बोलणी करणारी युनियन. जिथे एकापेक्षा जास्त युनियन आहेत तिथे आता हजेरीपटावरचे ५१ टक्के ज्यांच्याकडे, ती एकटी बोलणार. एमआरटीयूत मान्यतेला तीस टक्के लागायचे. म्हणजे युनियनला आता जास्त माणसं हवीत. मी म्हटलं, बरं झालं, आम्हाला घेतील. कमिटीच्या ऑफिसात गेलो. एक काका चांगले वागले, खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, "बाळा, तुझी मुदत कधी संपते?" मार्चमध्ये म्हटलं. त्यांनी पावतीपुस्तक काढलं होतं, ते परत खणात ठेवलं. "रिन्यू झाली की ये."

करारात माझ्यासाठी एक ओळ आहे, मी ती मिळवून वाचली. 'मुदतीवरील मनुष्यबळाचे प्रमाण व्यवस्थापन ठरवेल.' मनुष्यबळ म्हणजे मी.

मामा, एक विचारू? छत्र्यांच्या मीटिंगमध्ये हात मोजले कोणी होते?

धागा काढणारा, रबाळे

वाटलंच होतं तू विचारणार.

मी. एमआरटीयूत मान्यताप्राप्त युनियनला ठराव नोंदवायला मिनिट बुक ठेवावंच लागतं, आणि ते त्या टर्मला माझ्याकडे होतं. डाव्या बाजूनं मोजायला सुरुवात केली. बासष्टपर्यंत आलो. पानावर पाणी पडून शाई फुटायला लागली, म्हणून वही शर्टाच्या आत घातली आणि पुढे मोजलंच नाही. लीडरनी वरून विचारलं, झालं का? मी मान हलवली.

'प्रचंड' हा शब्द घरी आल्यावर, पान वाळल्यावर घातला.