हनुवटीवर राठ केस, पाळी लांबते: लेझरआधी काय तपासावं?

कुंदकळी:
मदत हवी आहे, धाकट्या बहिणीसाठी. वय २४, अविवाहित. हनुवटी, वरचा ओठ आणि बेंबीखाली राठ, काळे केस. कॉलेजात असताना सुरुवात झाली, वाढ हळूहळू. पाळी ४५ ते ६० दिवसांनी. मानेवर मागे काळपट, मखमली पट्टा. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘पीसीओडी’. रक्त तपासलेलं नाही. दर पंधरवड्याला थ्रेडिंग, केसगळतीसाठी बायोटिन (एक जीवनसत्त्व) चालू. पार्लरवाली लेझरचं सहा सिटिंगचं पॅकेज गळ्यात मारतेय. रक्त कधी द्यायचं, कशाकशासाठी? लेझर आधी की औषध? ‘लग्न झालं की सगळं ताळ्यावर येतं’ ही आत्याची री इथे कुणी ओढू नये, ही विनंती.

निर्गुडी:
आधी वेग बघा. वर्षानुवर्षं हळूहळू वाढलेले केस बहुधा पीसीओएसचे (रिपोर्टवरचं ‘पीसीओडी’ तेच, अंडाशयाचा हार्मोनचा बिघाड). चार-सहा महिन्यांत झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला, कपाळावरून टक्कल पडू लागलं, तर अंडाशयात किंवा ॲड्रिनल (मूत्रपिंडावरच्या) ग्रंथीत गाठ नाही ना, हे तातडीने बघावं लागतं. तुमच्या वर्णनात तसं काही नाही.

नुसत्या सोनोग्राफीवर निदान होत नाही. लांबणारी पाळी, पुरुषी हार्मोन वाढल्याची खूण आणि अंडाशयाचं तसं चित्र, या तिघांतल्या दोन गोष्टी हव्यात. बहिणीला पहिल्या दोन आहेतच. राहिलंय ते इतर कारणं वगळणं, आणि त्यासाठी रक्त.

पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवशी, सकाळी आठच्या सुमारास: टोटल टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन), एसएचबीजी (त्याला रक्तात बांधून ठेवणारं प्रथिन), डीएचईएएस (ॲड्रिनलचं पुरुषी हार्मोन), १७-ओएचपी (जन्मजात ॲड्रिनल दोष ओळखायला), प्रोलॅक्टिन (दुधाचं हार्मोन), टीएसएच (थायरॉइडसाठी). दिवस आणि वेळ मुख्यतः १७-ओएचपीसाठी पाळायची. ते ओव्ह्युलेशननंतर (बीज सुटल्यावर) एरवीही चढतं, दुपारकडे उतरतं. २०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर आलं तर जन्मजात ॲड्रिनल दोषाचा सौम्य प्रकार असू शकतो. मग एसीटीएचचं (ॲड्रिनलला चालना देणाऱ्या हार्मोनचं) इंजेक्शन देऊन तासाभराने पुन्हा रक्त घेतात. पाळी येतच नसेल तर डॉक्टर प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देऊन ती आणतात आणि तिथून दिवस मोजतात.

घोळ इथे होतात. बायोटिनमुळे लॅबचे आकडे चुकतात (टीएसएच खोटं कमी, टेस्टोस्टेरॉन खोटं जास्त दिसू शकतं), म्हणून निदान तीन दिवस आधी बंद. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आकड्यांना अर्थच नाही, तीन महिन्यांचा खंड हवा. आणि बायकांमधलं टेस्टोस्टेरॉन इतकं थोडं असतं की साध्या पद्धतीने ते नीट मोजलं जात नाही. लॅबमध्ये ‘एलसी-एमएस’ने (जास्त अचूक पद्धतीने) करता का, हे विचारून घ्या. मानेवरच्या पट्ट्यामागे बहुधा इन्सुलिन आहे. वाढलेलं इन्सुलिन एसएचबीजी पाडतं, मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं. म्हणजे टोटल नॉर्मल येऊनही केस राठच. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांची साखरही करा.

ठसका:
लेझरबद्दल. हार्मोन तसेच राहिले तर सिटिंगं संपली तरी नवे केस येत राहतात. आपल्या सावळ्या त्वचेवर लांब पल्सचं एनडी-याग (१०६४ नॅनोमीटरचा लेझरचा प्रकार) त्यातल्या त्यात सुरक्षित. चुकीच्या मशीनने भाजून काळे डाग पडतात. चेहऱ्यावर, विशेषतः हनुवटीच्या कडेला आणि गालाच्या बारीक लवेवर, कमी ताकदीचं लेझर मारलं की उलट लव दाट होण्याचा प्रकार भारतीय मुलींमध्ये दिसतो. म्हणून पार्लर नको, त्वचारोगतज्ज्ञ हवा. सहा ते आठ सिटिंगं, चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने. थ्रेडिंग महिनाभर आधीपासून बंद: मूळच उपटलं तर लेझरला निशाण उरत नाही. तोवर रेझर चालतं. रेझरने केस जाड होत नाहीत, टोक बोथट होतं म्हणून बोटाला खरखरीत लागतं. पांढऱ्या केसांना लेझर लागू होत नाही, तिथे इलेक्ट्रोलिसिस (सुईतून वीज देऊन एकेक मूळ जाळणं).

कुंदकळी:
आभार. आईला गर्भनिरोधक गोळ्यांचं नाव काढलं तरी चालत नाही. मेटफॉर्मिनने (मधुमेहाच्या गोळीने) भागेल? आणि बहीण मेडिकलमधून आणलेली ‘गोरं करणारी’ मलम चेहऱ्याला लावते, त्याचा संबंध?

निर्गुडी:
मलम थांबवायला हवं, पण एकदम नाही. ट्यूबवर मोमेटासोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल लिहिलंय का बघा. स्टिरॉइड महिनोन्‌महिने चोपडलं की चेहऱ्यावर लव वाढते, कातडी पातळ होते. बेंबीखालचे केस मात्र त्याने आलेले नाहीत. अचानक बंद केल्यावर चेहरा लाल होऊन आग होते, तेव्हा त्वचावाल्यांना दाखवूनच सोडवा.

मेटफॉर्मिनचा उपयोग साखरेला आणि पाळीला; केसांवर फारसा नाही. केसांसाठी पहिली पसंती गर्भनिरोधक गोळीलाच, कारण ती एसएचबीजी वाढवते. आईंना ‘पाळी नियमित करायची गोळी’ म्हणून सांगा, खोटं काहीच नाही त्यात. पण डोळ्यांसमोर चमकणारी अर्धशिशी, रक्तदाब किंवा घरात कुणाला पायाच्या शिरेत गुठळी झालेली असेल, तर डॉक्टरांना आधी सांगायचं. सहा महिन्यांत पुरेसा फरक नाही पडला तर स्पायरोनोलॅक्टोन (पुरुषी हार्मोनचा परिणाम रोखणारं औषध) जोडतात, साधारण दिवसाला १०० मिलिग्रॅम. त्यावर असताना दिवस गेलेले चालत नाहीत, मुलगा असेल तर त्याच्या वाढीत दोष येऊ शकतो. म्हणून ते गोळीच्या जोडीनेच देतात. गोळी सुरू करायची तर आधी रक्त देऊन टाका, नंतर पुन्हा तीन महिने थांबावं लागेल.