ग्रुपवर पांदण रस्त्याचं लिहिलं, ठाण्यातून फोन आला, धरणं आंदोलनाआधी कलम १६८ ची नोटीस. जावं लागते काय?

कास्तकार_यवतमाळ

नमस्कार मंडळी. गावाचं आन तालुक्याचं नाव टाकत नाही. पांदण रस्त्याचं (शेतात जायच्या वाटेचं) काम अर्धवट झालं, बिल पूर्ण निघालं अशी गावात चर्चा आहे. एका पोरानं गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रस्त्याचे फोटो टाकून खाली लिहिलं, "सरपंच आन सचिवानं मिळून पैसे खाल्ले." दुसऱ्या दिवशी ठाण्यातून फोन: उद्या अकरा वाजता या, मोबाइल घेऊन या. ग्रुपचा ॲडमिन वेगळा आहे, त्यालेही बोलावलं. सोमवारी पंचायत समितीसमोर धरणं ठरलं होतं, त्याच्या आयोजकाले कलम १६८ ची नोटीस आली.

फोनवर बोलावलं तर जावंच लागते काय? मोबाइल द्यावा लागते काय? ॲडमिनवर गुन्हा होते काय? आन धरणं करता येते का नाही? कलमासकट सांगा, तोंडी लय झालं.

निळी_शाई

घटनेच्या कलम १९(१)(क) मध्ये भाषणस्वातंत्र्य आहे. भ्रष्टाचारावर बोलणं हा गुन्हा नाही. जाऊच नका. पोलीस काही करू शकत नाहीत.

तालुका_बार

शाईभाऊ, १९(१)(क) च्या खालीच १९(२) आहे. त्यात बंधनं कोणत्या कारणांनी घालता येतात ते मोजून दिलं आहे: देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षा, परराष्ट्र संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता-नीती, न्यायालयाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी. सरकारला किंवा सरपंचाला राग आला हे कारण त्यात नाही. पण "बदनामी" आहे, आणि इथे प्रश्न तिथेच अडकतो.

आता फोनचं. फोन म्हणजे नोटीस नव्हे. फोन करणाऱ्याला शांतपणे एवढंच विचारायचं: कोणत्या कलमाखाली, साक्षीदार म्हणून की आरोपी म्हणून, आणि गुन्हा नंबर किंवा अर्ज क्रमांक काय? लेखी द्या, लगेच येतो. बोलणाऱ्याचं नाव, पद, वेळ वहीत लिहून ठेवा. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, त्यामुळे जुने आकडे विसरा.

साक्षीदार म्हणून बोलवायचं तर कलम १७९ (जुनं १६०). आदेश लेखी लागतो. स्त्रिया, १५ च्या आतले आणि ६० च्या वरचे पुरुष, अपंग, गंभीर आजारी यांना ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही, जबाब घरी येऊन घ्यायचा असतो.

संशयित म्हणून बोलवायचं तर कलम ३५(३) (जुनं ४१-क). ही नोटीस आली की जायचंच. शाईभाऊचा सल्ला इथे अंगलट येईल, कारण नोटिशीकडे पाठ फिरवली तर त्याच कारणावरून अटक होऊ शकते. उलट हजर राहिलात, सहकार्य केलं, तर लेखी कारण नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात आधी अटकेची गरज तपासा, हे सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात बजावलं आहे. आणि ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवायची नाही, प्रत्यक्ष बजवायची, असा आदेश जानेवारी २०२५ मध्ये सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात झाला.

तिसरा प्रकार सगळ्यात जास्त चालतो: कलमच नाही, "साहेबांनी बोलावलं". गुन्हा नोंद नाही, फक्त सरपंचाचा अर्ज. अशा वेळी गेलात तरी हरकत नाही, पण सोबत माणूस न्या आणि "माफीनामा" किंवा "यापुढे असं टाकणार नाही" अशा कागदावर सही करू नका. पोलिसासमोरची कबुली कोर्टात पुरावा होत नाही, पण चार लोकांसमोर सरपंचाच्या हातात दिलेलं माफीपत्र खाजगी बदनामीच्या केसमध्ये तुमच्याच विरुद्ध उभं राहते. तपासात पोलीस जो जबाब लिहून घेतात त्यावरही कलम १८१ प्रमाणे सही घ्यायची नसते. हे बऱ्याच शिपायांनाही माहीत नसते, म्हणून भांडू नका, "१८१ पाहा साहेब" एवढंच म्हणा.

ॲडमिनबद्दल: नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं की सदस्यानं टाकलेल्या मजकुराला ॲडमिन केवळ ॲडमिन आहे म्हणून जबाबदार नाही. दोघांचं आधीपासून ठरलेलं होतं असं दाखवावं लागते. मेसेज डिलीट केला नाही म्हणूनही गुन्हा होत नाही.

सातबारा

कलमं वरच्या भाऊनं दिली. मी वाक्याबद्दल सांगतो, कारण ह्या केसमध्ये फोटो निर्दोष आहे आणि खालचं वाक्य दोषी आहे.

"पैसे खाल्ले" हा गुन्ह्याचा आरोप झाला. सरपंच भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ (जुनं ४९९-५००) खाली तक्रार करू शकतात. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्ये फौजदारी बदनामीचं कलम वैध ठरवलं, तेव्हा ते रद्द होईल या आशेवर राहू नका. पण हा गुन्हा अदखलपात्र आहे. पोलीस फार तर एन.सी. (अदखलपात्र नोंद) करून तक्रारदाराला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे जायला सांगू शकतात. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास नाही, म्हणजे मोबाइल मागणंही नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या २२३(१) प्रमाणे अशा खाजगी फिर्यादीची दखल घेण्याआधी आरोपीचं म्हणणं ऐकावं लागते. (न्याय संहितेतलं २२३ वेगळं, ते आदेशभंगाचं. दोन्ही कायद्यांत तोच आकडा आल्यानं अर्ज लिहिणारेही घोळ घालतात.)

३५६ लाच अपवाद आहेत. लोकहितासाठी सांगितलेलं खरं, आणि लोकसेवकाच्या सार्वजनिक कामाबद्दल सद्भावनेनं दिलेलं मत. अपवाद सिद्ध करायचं ओझं मात्र लिहिणाऱ्यावर. म्हणून कागद आधी, पोस्ट नंतर. माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, विषय एकच आणि मजकूर १५० शब्दांत. मागायचं हे: त्या कामाचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका, हजेरीपट, देयक, काम पूर्ण झाल्याचा दाखला. मुदत ३० दिवस. उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. "रस्त्याची सर्व माहिती द्या" असं लिहिलं की हमखास "माहिती विस्तृत आहे" असं उत्तर येते.

मग समजा पुस्तिकेत ४०० मीटर आणि टेपनं २५० भरले, तर लिहा: "पुस्तिकेत ४००, जागेवर २५०, उरलेले कुठे आहेत ते सरपंचांनी ग्रामसभेत सांगावं." यात बदनामी काय दाखवणार? हाच प्रश्न ग्रामसभेत लेखी देऊन इतिवृत्तात घ्यायला लावा. वर्षाला किमान चार ग्रामसभा सक्तीच्या आहेत.

आणखी एक. ग्रामपंचायत ही संस्था स्वतःची "बदनामी" झाली म्हणून नुकसानभरपाई मागू शकत नाही, हे सुप्रीम कोर्टानं १९९४ च्या राजगोपाल निकालात म्हटलं आहे. सरपंच व्यक्ती म्हणून मागू शकतो, पण त्याच्या सरकारी कामाबद्दलचं विधान खोटं होतं आणि खरंखोटं न तपासता बेफिकिरीनं केलं होतं हे त्याला दाखवावं लागते.

आता जे कोणतंच कोर्ट वाचवणार नाही ते. जातीवरून शब्द काढला आणि सरपंच अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर ॲट्रॉसिटी, आणि तिथे अटकपूर्व जामिनाला त्याच कायद्याचं कलम १८ आडवं येते. महिला सरपंचाबद्दल घाण बोलणं, फोटो जोडून फिरवणं, "गावात फिरू देणार नाही" अशी धमकी. ही भाषणस्वातंत्र्याच्या नावाखाली खपत नाही आणि खपूही नये. बहुतेक ग्रुपमध्ये पहिली पोस्ट रस्त्याची असते आणि दहावी जातीची. गुन्हा दहावीवर दाखल होते आणि बिल तसंच राहून जाते.

याउलट "दोन गटांत तेढ" म्हणून न्याय संहितेचं १९६ (जुनं १५३-अ) लावलं तर ते टिकणं कठीण. शब्दाचं माप कोणाच्या मनानं घ्यायचं, याचं उत्तर आपल्याच नागपूरच्या हायकोर्टात न्या. व्हिव्हियन बोस यांनी मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारविरुद्धच्या खटल्यात दिलं होतं: समंजस, खंबीर, धीराच्या माणसाच्या मनानं; प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या डळमळीत मनानं नव्हे. सुप्रीम कोर्टानं मार्च २०२५ च्या इम्रान प्रतापगढी निकालात तेच माप वापरलं. बोलण्या-लिहिण्याच्या ज्या गुन्ह्यांना तीन किंवा जास्त पण सातपेक्षा कमी वर्षांची शिक्षा आहे, तिथे गुन्हा नोंदवण्याआधी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) ची प्राथमिक चौकशी करणं योग्य, असंही त्यात आहे. त्यासाठी उपअधीक्षकाची परवानगी आणि १४ दिवसांची मुदत.

पोस्ट टाकणारा जिल्हा परिषदेचा मास्तर किंवा इतर सरकारी कर्मचारी असेल तर वर्तणूक नियम लागतात, ते प्रकरण निराळं.

मोर्चा_परवाना

धरण्याचं मी सांगतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या १६८ (जुनं १४९) ची नोटीस म्हणजे मनाई आदेश नव्हे. "गुन्हा घडला तर जबाबदार धरू, ही नोटीस पुरावा म्हणून वापरू" एवढाच तिचा अर्थ. घ्या, तारीख-वेळ टाकून सही करा, आणि खाली लिहा, "कार्यक्रम शांततेत व विनाशस्त्र आहे." "शांततेत" आणि "विनाशस्त्र" हे दोन शब्द मुद्दाम, कलम १९(१)(ख) त्याच भाषेत आहे.

जमावबंदी खरी दोनच ठिकाणाहून येते. एक, नागरिक सुरक्षा संहिता १६३ (जुनं १४४), जास्तीत जास्त दोन महिने, राज्य सरकारनं वाढवला तर आणखी सहा. दुसरं, महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ चं कलम ३७(३). जिल्ह्यात ते जिल्हादंडाधिकारी काढतात आणि शासनाच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. म्हणून सणासुदीत पंधरवड्याला नवा कागद निघत राहतो. "३७ लागू आहे" असं कोणी म्हटलं की आदेशाची प्रत, क्रमांक आणि तारखा मागा. मुदत संपलेला आदेश दाखवून घरी पाठवलेले लोक कमी नाहीत. आदेशात परवानगीची सोय असते, ती लेखी मागायची.

आदेश कोर्टात टिकतोच असंही नाही. बीड जिल्ह्यात माजलगावच्या आंदोलनावेळचा ३७(१) व (३) चा आदेश औरंगाबाद खंडपीठानं फेब्रुवारी २०२० मध्ये रद्द केला होता. एखाद्या कायद्याला विरोध केला म्हणून कोणी देशद्रोही ठरत नाही, असंही त्यात आहे. त्याआधी जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन निकालात सुप्रीम कोर्टानं म्हटलं की रास्त मत मांडणं दाबायला १४४ वापरता येत नाही, आणि असे आदेश प्रसिद्ध करावे लागतात.

अर्जात काय लिहायचं: तारीख, किती ते किती वाजता, नेमकी जागा, अंदाजे माणसं, मंडप किती फुटांचा, भोंगा आहे का, दोन जबाबदार माणसांचे नंबर. तीन प्रती, एक ठाणेदाराला, एक गटविकास अधिकाऱ्याला, तिसऱ्यावर आवक क्रमांक आणि शिक्का. आठवडाभर आधी. भोंग्याची परवानगी वेगळी लागते. नाकारलं तर कारणासह लेखी मागा. तोंडी नकाराविरुद्ध हायकोर्टात काय दाखवणार?

बिघडते ते बहुतेक दोन ठिकाणी. फाटक अडवलं की रस्ता अडवल्याचा आणि शासकीय कामात अडथळ्याचा मुद्दा तयार. न्याय संहितेचं १३२ (जुनं ३५३) अजामीनपात्र आहे, पण त्याला हल्ला किंवा बळाचा वापर लागते. प्रश्न विचारणं, घोषणा, व्हिडिओ काढणं म्हणजे बळ नव्हे. म्हणून फाटकाच्या बाजूला बसा, एक माणूस फक्त सुरुवातीपासून शेवटपर्यंत अखंड शूटिंगला ठेवा. तुकडे तुकडे काढले की "आधीचं कापलं" म्हणतात. दुसरं म्हणजे मंत्र्याचा दौरा. त्या दिवशी सकाळीच घरून उचलतात. नागरिक सुरक्षा संहितेच्या १७० (जुनं १५१) खाली उचलायला दखलपात्र गुन्ह्याचा बेत असावा लागते आणि तो दुसऱ्या कशानं थांबत नाही असं दिसावं लागते. २४ तासांची मर्यादा आहे. स्टेशन डायरीतली वेळ विचारून ठेवा.

कास्तकार_यवतमाळ

धन्यवाद भाऊ लोकहो. आयोजकाले आता "चॅप्टर लावू" म्हणतात. आन ठाण्यात जाताना आपण रेकॉर्डिंग करू शकतो काय?

तालुका_बार

चॅप्टर म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १२६ (जुनं १०७); खालची कलमंही त्याच संहितेची. गुन्हा नाही, शांतता ठेवण्याचा बंधपत्र मागण्याची कारवाई. गंमत अशी की तालुक्यात ती चालवणारा कार्यकारी दंडाधिकारी म्हणजे तहसीलदार, आणि निम्मी धरणी त्यांच्याच दारात असतात. कलम १३० च्या आदेशात मिळालेल्या माहितीचा सारांश, बंधपत्राची रक्कम, मुदत आणि जामीनदार लिहिलेले हवेत. "शांतताभंगाची शक्यता" असा छापील एका ओळीचा आदेश आला तर पहिली हरकत तिथेच. सुप्रीम कोर्टानं १९७० मध्ये मधु लिमये प्रकरणात नेमकं यावरच बोट ठेवलं होतं. लोक कटकट नको म्हणून पहिल्याच तारखेला बंधपत्र लिहून देतात, मग वर्षभर तोंड बंद. तसं करू नका. "मान्य नाही, चौकशी करा" असं लेखी द्या. चौकशी सहा महिन्यांत संपली नाही तर कारवाई सहसा आपोआप संपते. बंधपत्राचा आदेश झालाच तर सत्र न्यायालयात अपील.

रेकॉर्डिंगचं: पोलीस ठाणं हे ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्टमधलं "निषिद्ध ठिकाण" नाही, असं नागपूर खंडपीठानं २०२२ मध्ये वर्धा ठाण्यात काढलेल्या व्हिडिओच्या प्रकरणात म्हटलं. फक्त दुसऱ्या तक्रारदार बाईचं किंवा लहान लेकराचं चित्रण त्यात येऊ देऊ नका.

मोबाइल गुन्हा नोंद असल्याशिवाय देऊ नका. गुन्हा असेल आणि कलम ९४ ची लेखी मागणी किंवा जप्ती असेल, तर ओढाताण करू नका. पंचनाम्यात कंपनी, मॉडेल, दोन्ही आयएमईआय नंबर, फोन चालू की बंद हे लिहायला लावा. कलम १०५ प्रमाणे जप्तीचं व्हिडिओ चित्रण सक्तीचं आहे, ते झालं का विचारा आणि जप्ती यादीची प्रत घेऊनच उठा. परत मिळवायला कोर्टात अर्ज करावा लागते, ठाण्यात चकरा मारून मिळत नाही.

वकील परवडत नसेल तर १५१०० वर फोन करा, किंवा तालुका कोर्टात विधी सेवा समितीचं टेबल असते तिथे जा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्नाचा दाखला लागत नाही.