हंगामाचा शेवटचा दिवस आणि शत्रूपक्षाचा मॅनेजर : तुमचे अनुभव लिहा

मे महिन्यात आमच्याकडे दोनच चिंता. बियाणं वेळेवर मिळेल का, आणि इंग्लंडच्या फुटबॉलची लीग कोण नेणार. पहिलीवर बोलून काही होत नाही, म्हणून दुसरीवर लिहा. अट एकच : स्वतःच्या क्लबची आरती नको. विरोधी क्लबनं केलेली दैना सांगा, आणि त्यांच्या मॅनेजरबद्दल जे पानठेल्यावर कधी कबूल केलं नाही, ते इथं करा.

सुरुवात मीच करतो. मी लिव्हरपूलचा. १२ मे २०१९, आर्वीजवळच्या खेड्यात चुलत बहिणीचं लग्न. पंगतीत बुंदी वाढायचं काम माझ्याकडं, आणि मोबाईलला रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर. लीग आम्हाला की मँचेस्टर सिटीला, हे त्या दिवशी ठरणार होतं. आमच्या सामन्यात आम्ही पुढं होतोच. तेवढ्यात तिकडच्या सामन्यात ब्रायटननं सिटीवर गोल मारला. मी बुंदीचं टोपलं तसंच सोडून टाकीवर नाचायला लागलो. दीड मिनिटही झालं नसेल, सिटीच्या अग्वेरोनं बरोबरी केली. शेवटी सिटी ४-१. त्यांचे ९८ गुण, आमचे ९७. अख्ख्या हंगामात आम्ही एकच सामना हरलो, तोही सिटीशीच. त्या सामन्यात त्यांच्या स्टोन्सनं रेषेवरून चेंडू बाहेर काढला, तेव्हा गोल व्हायला ११.७ मिलिमीटर कमी पडले होते. तुरीचे दोन दाणे शेजारी ठेवून पाहा. मी ठेवलेत.

सिटीच्या तेव्हाच्या मॅनेजरला, ग्वार्डिओलाला, मी टकल्याच म्हणतो. पण शेवटचे १४ सामने ओळीनं जिंकणाऱ्याला शिवी देताना जीभ अडते. झालं, केलं कबूल.

वरुडहून

मी आर्सेनलची. घरात फुटबॉल पाहणारी एकटीच. आमच्या बागेला मोटरची लाइन रात्रीची असते, त्यामुळे १५ मे २०२४ ला रात्री साडेबाराला मी बाबांसोबत संत्र्याच्या बागेत होते. ते दांडं फोडत होते, मी बॅटरी धरून मोबाईलवर टॉटनहॅम-सिटी पाहत होते. जन्माचे वैरी टॉटनहॅम, पण त्या रात्री त्यांच्यासाठी मी हात जोडले. सिटी तो सामना जिंकली नसती तर लीग आमची होती.

८६ वं मिनिट, सिटी १-० पुढं, आणि टॉटनहॅमचा सोन एकटाच गोलकीपरसमोर. बदली आलेल्या ऑर्टेगानं पायानं अडवला. मी ओरडले, बाबांना वाटलं साप निघाला. पुढं पेनल्टीवर २-०. खरी गंमत प्रेक्षकांत होती. टॉटनहॅमच्याच मैदानावर टॉटनहॅमचेच कितीतरी लोक हरल्याच्या आनंदात होते, कारण आर्सेनलचं नुकसान झालं होतं. त्यांचा मॅनेजर पोस्टेकोग्लू त्यावर भडकला. त्याला काही ते समजलं नाही, मला लगेच समजलं. धुऱ्याचे वाद पाहत वाढलेय मी. आपलं वावर पडीक राहिलं तरी चालेल, पण शेजारच्या भावाचं पिकू नये.

आम्ही ८९ वर थांबलो, सिटी ९१. त्याआधीच्या वर्षीही दुसरे, नंतरच्याही वर्षी दुसरे.

पांढरकवड्याहून

राजेहो, माह्यं तर आयकाच. आपन मँचेस्टर युनायटेडवाले. १३ मे २०१२. सव्वानवाच्या टायमाले लाइन गेली, इन्व्हर्टर कोनाकडंच नाही. तवा आमी तिकडं १-० नं पुढं, आन् सिटी घरच्या मैदानावर १-२ नं मागं. सामना संपत आलेला. म्या म्हनलं, झालं काम. मित्राले फोन लावला, उद्या सकाळी पायजे तेवढे आलूबोंडे माह्याकडून. मंग आंगनात बाज टाकून चॅम्पियनसारखा झोपलो.

सकाळी बसस्टँडवर पेपर घेतला. सिटी ३-२! जादा टायमात दोन गोल, झेकोचा आन् अग्वेरोचा. दोघायचे ८९-८९ गुन, गोलफरकानं लीग गेली. पेपरवाल्याले म्हनलं, चुकीचं छापलं बे. मित्र चेल्सीवाला, त्यानं पुरे बारा आलूबोंडे खाल्ले, वरून तर्री मांगून घेतली.

आमचा मॅनेजर फर्ग्युसन २०१३ ले निवृत्त झाला, आन् आमी खाली येत येत २०२५ ले १५ व्या नंबरवर. त्याच साली बिल्बाओले झालेल्या युरोपा लीगच्या फायनलमंधी १७ व्या नंबरच्या टॉटनहॅमनं हरवलं. वरुडच्या ताईनं सांगितला थोच पोस्टेकोग्लू. दुसऱ्या वर्षी मी कप जिंकतोच म्हने, आन् जिंकला बाप्पा! १६ दिवसात त्याले घरी पाठवला. आमच्याकडं सालगड्यालेही पाडव्याआधी कोनी काढत नाही.

दिग्रसहून

सिटीवाला. पैशावाले म्हणा, काहीही म्हणा. २२ मे २०२२ ला ॲस्टन व्हिलाविरुद्ध ०-२ असताना गुपचूप टीव्ही बंद करून जेवायला बसलो. तिसरी पोळी घेईपर्यंत ३-२. गोल एकही पाहिला नाही. लिव्हरपूलचा तेव्हाचा मॅनेजर क्लॉप सज्जन माणूस, ९२ गुण घेऊनही दुसरा.

मूलचेरा तालुक्यातून

इंग्लंडचं खूप झालं, आता आमचं ऐका. आमचे आजोबा पूर्व पाकिस्तानातून निर्वासित होऊन आले, तेव्हा गडचिरोली जिल्हाही नव्हता, तो झाला १९८२ ला. शाळा मराठी, घरी बांगला, आणि फुटबॉल म्हटलं की ईस्ट बंगाल, पूर्वेकडून आलेल्यांचा कोलकात्याचा क्लब. त्यात आमचे एक मामा त्यांच्या वैऱ्यांचे, मोहन बागानचे. पूर्वेकडचा माणूस मोहन बागानचा, हे गावाला आजही पटलेलं नाही. पद्धत अशी की ईस्ट बंगाल जिंकलं की इलिश मासा, मोहन बागान जिंकलं की चिंगडी, म्हणजे झिंगे. इथं इलिश कुठली यायला, आम्ही तळ्यातल्या रोहूवरच भागवतो.

१५ एप्रिल २०२४ ला मोहन बागाननं मुंबई सिटीला २-१ नं हरवून इंडियन सुपर लीगची शील्ड नेली, म्हणजे गुणतक्त्यात पहिलं येण्याचं बक्षीस. मुंबईला बरोबरीही पुरली असती. मामांनी कुठून तरी बर्फातली चिंगडी आणली आणि मुद्दाम आमच्या दारासमोर बसून सोलली. टरफलं रात्रभर तिथंच.

४ मेला त्याच दोघांची लीगच्या कपची फायनल, कोलकात्यातच. त्या दिवशी आमचा सगळा मोहल्ला अचानक कट्टर महाराष्ट्रीय झाला. मुंबई ३-१! मामांच्या दारात आम्ही रोहू साफ केला, खवल्यांसकट.

हाबासबद्दल मात्र कबूल करतो. मोहन बागाननं या म्हाताऱ्या कोचला हंगामाच्या मध्यात परत आणलं, आणि विस्कटलेली घडी त्यानं बसवली. आमच्या कोच कुआद्रातनं जानेवारीत सुपर कप आणून दिला, १२ वर्षांतला पहिला राष्ट्रीय कप. पुढच्या हंगामात लीगचे पहिले तीन सामने हरला आणि सप्टेंबर संपता संपता गेला. मामा तेव्हा काही बोलले नाहीत. संध्याकाळी येऊन नुसते बसले.

पांढरकवड्याहून, पुन्हा

मामाले इकडं घेऊन या. आलूबोंडे माह्याकडून. बारा नाही, सहा.