संविधान आणि त्याचा इतिहास शिकवायचाय: एलएलएम करू की एमए?

विदर्भ_एक्सप्रेस:
बीए (इतिहास) करून तीन वर्षांचं एलएलबी झालंय. संविधानाचा कायदा आणि त्याचा इतिहास शिकवायचाय, पीएचडीही त्यातच. आधी एलएलएम की एमए इतिहास? प्रोफेसर व्हायला साधारण किती वर्षं धरायची?

जाहिरात_वाचक:
आवड बाजूला ठेवा, जाहिरातीत पद कशाचं निघतं ते बघा. कायद्याच्या पदाला एलएलएम लागतं, इतिहासाच्या पदाला एमए. दोन्हीकडे ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना ५०) आणि त्याच विषयात नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्य) ही पात्रता परीक्षा. नुसत्या एलएलएमवर इतिहास विभागात अर्ज टाकलात तर छाननीतच उडतो, मग प्रबंध कितीही ऐतिहासिक असो. पाच वर्षांच्या बीए एलएलबीला इतिहास शिकवायला माणूस लागतो, पण अशा जागा मोजक्याच. तुम्ही एलएलएमच करा.

नेटचा दुसरा (कायद्याचा) पेपर १०० प्रश्न, २०० गुण, चुकीला गुण कापत नाहीत. अभ्यासक्रमाचे घटक दहा. संविधान-प्रशासकीय कायदा हा एक आणि तुलनात्मक सार्वजनिक कायदा हा शेवटचा, एवढेच तुमच्या घरचे. संविधानवाले आपटतात ते व्यापारी कायद्यात आणि बौद्धिक संपदेत. तिथे आधी वेळ घाला.

बिंदुनामावली:
वर्षांचा हिशेब २०१८च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांनुसार: सहायक प्राध्यापक वेतन स्तर १०, सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७००. स्तर ११ ला पीएचडी असेल तर ४ वर्षांनी, नुसतं एलएलएम असेल तर ५. पुढे ५ वर्षांनी स्तर १२, आणखी ३ वर्षांनी असोसिएट प्रोफेसर (स्तर १३ए), त्यावर ३ वर्षांनी प्रोफेसर. म्हणजे पीएचडीसह रुजू झालात तर किमान १५. असोसिएटपासून पुढे पीएचडीशिवाय गाडी हलत नाही.

हे सगळं नियमित नेमणुकीपासून मोजायचं. आधीची तात्पुरती सेवा धरायला, इतर अटींसोबत, पगार नियमित शिक्षकाच्या मासिक पगाराइतका असावा लागतो. तासिका तत्त्वावर (सीएचबी) तो कुठून येणार? त्यामुळे सीएचबीची वर्षं पदोन्नतीत धरून चालू नका.

दप्तरखाना:
पीएचडीबद्दल. ‘भारतीय संविधानाची जडणघडण’ असला विषय नेऊ नका, समिती परत पाठवेल आणि बरोबरच करेल. एक कलम, एक वाद घ्या. उदाहरणार्थ ‘क्रॉस रोड्स’ हे मुंबईचं साप्ताहिक. मद्रास सरकारने त्याला प्रवेशबंदी केली, सर्वोच्च न्यायालयाने मे १९५० मध्ये ती रद्द ठरवली (रोमेश थापर खटला), कारण ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हा आधार तेव्हा १९(२) मध्ये, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर बंधनं घालायच्या कारणांत, नव्हताच. १९५१च्या पहिल्या घटनादुरुस्तीने तो घातला.

आता संविधान सभेच्या चर्चेत १९ व्या कलमाखाली शोधाल तर धर्मस्वातंत्र्य सापडेल! मसुद्यातलं १३ वं कलम अंतिम संविधानात १९ झालं आणि मसुद्यातलं १९ वं पुढे २५. त्यामुळे आधी मसुदा-अंतिम क्रमांकांचा तक्ता हाताने तयार करा. १३ व्या कलमावरची मुख्य चर्चा सातव्या खंडात, डिसेंबर १९४८च्या पहिल्या दोन दिवसांची आहे. ‘राजद्रोह’ हा शब्द तिथेच सभेचे सदस्य क. मा. मुन्शींच्या दुरुस्तीने गळला. दुय्यम पुस्तकातून उतारा उचलू नका, खंड, तारीख आणि वक्ता मूळ पानावर ताडून बघा. मग खटल्याचं निकालपत्र, आणि शेवटी सरकारी फायली. राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ घरी बसून चाळता येतं. दिल्लीला जायचं ते ज्या फायली पटलावर स्कॅन नाहीत त्यांच्यासाठीच.