ख्रिस्ती मनन आणि साक्षी मराठीत ब्लॉगवर लिहाव्यात का? अनुभव असलेल्यांनी सांगा

शेवंती_नगर

जय ख्रिस्त सगळ्यांना. मी नगरची. संडेस्कूलला शिकवते आणि आमच्या महिला मंडळाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर रोज सकाळी एक छोटं मनन टाकते, म्हणजे एक वचन आणि त्याच्यावर मला जे सुचलं ते सात-आठ ओळीत. ते पुढे पुढे जात राहतं आणि मग जालना, सोलापूर, मिरज कुठून कुठून अनोळखी बायकांचे मेसेज येतात की ताई हे तुम्ही लिहिता का, अजून आहे का. भाऊ म्हणतो ग्रुपवर टाकलेलं दोन दिवसात वाहून जातं, ब्लॉग काढ, निदान शोधलं तर सापडेल तरी.

लिहायची इच्छा खूप आहे कारण मराठीत ख्रिस्ती वाचायला म्हणून नेटवर शोधलं की कितीतरी वेळा अमेरिकेतल्या कुठल्यातरी लेखाचं मशीनने केलेलं भाषांतर हाती येतं, त्यात बर्फ पडत असतो आणि थँक्सगिव्हिंगची तयारी चाललेली असते. आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या, बायका ऊसतोडीला जातात, दवाखान्यात आया म्हणून काम करतात, त्यांच्या दिवसाबद्दल कोण लिहिणार?

पण भीती पण वाटते. मी काही सेमिनरीत, म्हणजे धर्मशास्त्राच्या कॉलेजात, शिकलेली नाही, चुकीचं काही शिकवलं गेलं तर? आमच्या एका वडीलधाऱ्यांनी तोंडावर सांगितलं की हे पाळकांचं (पास्टरांचं) काम आहे, तू पडू नकोस त्यात. दुसरं म्हणजे लोकांना साक्षी, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते अनुभव, वाचायला सगळ्यात जास्त आवडतात आणि माझ्याकडे मंडळीतल्या बायकांच्या साक्षी भरपूर आहेत, त्या लिहू का? आणि तिसरं, ख्रिस्ती म्हटलं की खाली कमेंटमध्ये तांदळाच्या पोत्यासाठी धर्म बदलला असले टोमणे सुरू होतात, त्याला काय करायचं? कोणी लिहिलं असेल तर मोकळेपणाने सांगा.

जुन्या_अंकांचा_वाचक

शेवंतीताई, तुम्ही नगरच्या आहात हे वाचून बरं वाटलं, कारण मराठी ख्रिस्ती लोकांचं एक जुनं नियतकालिक सुरू झालं ते तुमच्याच गावात. ज्ञानोदय १८४२ साली नगरला सुरू झाला, अमेरिकन मराठी मिशनने काढला. त्यात उपदेश होते तसं विज्ञान होतं, बातम्या होत्या, वाचकांची पत्रं होती, वादावादी तर होतीच होती. पुढे नारायण वामन टिळकांनी त्याचा मराठी भाग सांभाळला. म्हणजे नियमाने लिहायचं, ते चार लोकांपुढे ठेवायचं आणि वाचकांची उत्तरं झेलायची, हे आपल्याकडे पावणेदोनशे वर्षं जुनं आहे, यात नवीन फक्त मोबाइल आहे.

शिक्षणाबद्दल म्हणाल तर लक्ष्मीबाई टिळक शाळेत गेलेल्या नव्हत्या. आणि मराठी ख्रिस्ती माणसाने लिहिलेलं ख्रिस्ती नसलेल्या घरातही प्रेमाने वाचलं गेलं असेल तर ते त्यांचं स्मृतिचित्रे. का वाचतात लोक ते? टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ ला झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधली ती वर्षं त्यांनी झाकली नाहीत. राग, रडणं, सोवळंओवळं, नवऱ्याशी भांडण, सगळं जसं घडलं तसं. सिद्धांत शिकवायला त्या बसल्याच नाहीत, आपल्यावर काय गुजरलं ते सांगितलं. तेव्हा सेमिनरी नाही म्हणून अडून राहू नका, तुम्हाला जे माहीत आहे तेवढंच लिहा. वडीलधाऱ्यांचा मान ठेवा पण पेन खाली ठेवू नका.

पाळकाचा_मुलगा

मी जरा ब्रेक लावणारं लिहितो, ताई राग मानू नका. याकोबाच्या पत्रात तिसऱ्या अध्यायात अगदी पहिल्याच वचनात सांगितलंय की तुमच्यातल्या पुष्कळांनी शिक्षक होऊ नये कारण शिक्षकांचा न्याय जास्त कडक होणार, आणि मग लगेच पुढे जिभेबद्दल सगळं येतं, लहानशी ठिणगी केवढं रान पेटवते ते. मला वाटतं आता बोटांनाही तेच लागू आहे.

वाईट कुठे होतं ते जवळून बघितलंय म्हणून सांगतो. आमच्या भागात एका चर्चमध्ये जमिनीच्या व्यवहारावरून भांडण झालं (कुठलं ते सांगत नाही) आणि एका हुशार तरुणाने पाळक आणि कमिटीबद्दल नेटवर लिहायला सुरुवात केली. त्याचं बरंचसं खरं होतं. पण मत्तय १८ मध्ये प्रभूने क्रम सांगितलाय, आधी एकट्याने जाऊन बोला, मग एकदोघांना बरोबर घ्या, मग मंडळीपुढे मांडा. याने पहिल्या दोन पायऱ्या सोडल्या आणि मंडळीच्या ऐवजी अख्ख्या जगापुढे मांडलं. लाइक मिळत गेले तसं भाषा वाढत गेली, मग दुसऱ्या बाजूनेही एक पान काढलं, आणि ज्या म्हाताऱ्यांना यातलं काही कळत नव्हतं ते उपासनेला येईनासे झाले. हिशोब मागायलाच हवा होता, त्यासाठी वार्षिक सभा होती, धर्मादाय आयुक्तांचं ऑफिस होतं. तिथे गेला असता तर लोक त्याच्या मागे उभे राहिले असते.

तुमचा विषय मनन आहे, भांडण नाही, ते ठीकच. पण वाचक वाढले की लोक तुमच्याकडे असली प्रकरणं घेऊन येतील, ताई तुमचं लोक ऐकतात तुम्ही लिहा म्हणून. तेव्हा काय उत्तर द्यायचं ते आजच ठरवून ठेवा.

आणि पाळकांना आधी दाखवा. परवानगी म्हणून नाही, दुसरी नजर म्हणून.

निर्मळची_वाट

वसईहून लिहितेय, आम्ही कॅथलिक, तर आमच्याकडे लोकांचा पहिला प्रश्न असतो की फादरांची परवानगी घेतली का. खरं तर चर्चची अधिकृत मान्यता लागते ती बायबलचं भाषांतर, प्रार्थनापुस्तकं, धर्मशिक्षणाची पुस्तकं असल्यांना. सामान्य माणसाने स्वतःचं मनन लिहायला ती लागत नाही. उलट २०१० साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी धर्मगुरूंना ब्लॉगसुद्धा वापरा असं संदेशात लिहिलं होतं. आणि २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट सांगितली की ख्रिस्ती माणसंसुद्धा इंटरनेटवर शाब्दिक हिंसेत ओढली जातात, अगदी कॅथलिक माध्यमांतसुद्धा निंदानालस्ती सर्रास चालते. हे बाहेरच्यांबद्दल नाही हं, आपल्याच लोकांबद्दल आहे.

मला सांगायचंय ते वेगळंच. ताई फक्त ख्रिस्ती वाचकांसाठी लिहू नका. आमचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो बरीच वर्षं सुवार्ता मासिकाचे संपादक होते, त्यांनी बायबल मराठीत आणलं त्याला साहित्य अकादमीचा अनुवादाचा पुरस्कार मिळाला, २०२० ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. पण वसईत हिंदू मुसलमान सगळे त्यांना आपलं मानायचे ते पाण्यासाठी आणि हिरव्या पट्ट्यासाठी ते उभे राहिले म्हणून. माणूस सगळ्यांच्या दुःखाबद्दल बोलत असला की तो प्रार्थनेबद्दल बोलतो तेव्हाही लोक ऐकतात. तुम्ही ऊसतोडीच्या बायकांचं लिहिलंत ना वर, तेच लिहा. कोयता घेऊन फडात जाणारी बाई पहाटे गाडीत बसताना काय प्रार्थना करते ते मला वाचायचंय आणि माझ्या शेजारच्या वैद्य वहिनींनाही वाचायला आवडेल.

मिरज_सिस्टर

मी नर्स आहे, मिशन हॉस्पिटलमध्ये शिकले. साक्षीच्या प्रश्नावर कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते, आणि मला यात खरंच काळजी वाटते.

पहिली गोष्ट, बरं होण्याच्या साक्षी. "प्रार्थना केली आणि गोळ्या बंद केल्या आणि आता शुगर नॉर्मल आहे" असलं काही कृपा करून टाकू नका, कितीही खऱ्या मनाने सांगितलेलं असलं तरी. वाचणारीला तिकडे टाइप वन शुगर असते आणि ती इन्सुलिन सोडते, मग आमच्याकडे बेशुद्ध अवस्थेत येते. तिला इन्सुलिनशिवाय जगताच येत नाही. देव बरं करतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे, मी वॉर्डात रोज प्रार्थना करते. पण आपल्याच लोकांनी दवाखाने काढले ना, डॉ. वॉनलेस यांनी १८९४ ला मिरजेला हॉस्पिटल उघडलं ते काय विश्वास कमी होता म्हणून? साक्षीत डॉक्टरचा, औषधाचा, ऑपरेशनचा उल्लेख असेल तर तो गाळू नका, उपकारस्तुती त्यासकट करता येते.

दुसरी गोष्ट, नाव. प्रार्थना विनंती म्हणून ग्रुपवर येतं अमुक ताईंच्या मुलीचा गर्भ पडला, तमुक भावाला टीबी निघाला. ग्रुपवर पंचवीस बायका असतात त्यातच ते नको तितकं पसरतं, ब्लॉगवर तर ते कायमचं राहणार. मुलीच्या लग्नाच्या वेळी कोणीतरी नाव टाकून शोधणार. तोंडी हो म्हणाली म्हणून पुरत नाही, लिहिलेलं तिला वाचून दाखवा, मग विचारा.

शेवंती_नगर

सिस्टर, तुम्ही सांगितलेलं दुसरं माझ्या डोक्यात आलंच नसतं असं नाही पण इतकं स्पष्ट कोणी सांगितलं नव्हतं. मग साक्षी लिहायच्याच नाहीत का? एका ताईंची आहे, नवरा पिऊन मारायचा, ती मुलांना घेऊन उपासनेला यायची, मग त्याची दारू सुटली. तिला स्वतःला वाटतं की हे लोकांना कळावं.

जुन्या_अंकांचा_वाचक

लिहा, पण गोष्ट तिची आणि नजर तुमची असं ठेवा. समजा तुम्ही लिहिलंत "आमच्या मंडळीतील एका भगिनीचे पती दारूच्या आहारी जाऊन तिला बेदम मारहाण करत", तर नाव नसलं तरी अख्ख्या मंडळीला कळतं कोण ते, आणि तो माणूस आज सुधारून त्याच बाकांवर बसतो. त्याऐवजी तुम्ही काय पाहिलं ते लिहा. ती उन्हाळ्यातही लांब बाह्यांचा ब्लाऊज घालून यायची. प्रभुभोजनाच्या वेळी रांगेत शेवटी उभी राहायची. तुम्ही तिला कधी विचारलं नाहीत, किंवा विचारलंत आणि ती काय म्हणाली. मग तुमच्या प्रार्थनेचं काय झालं. गाव, वय, मुलं किती हे बदला किंवा गाळा आणि खाली स्पष्ट लिहा की ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. आणि नवऱ्यालाही वाचून दाखवा, त्याची पण गोष्ट आहे ती. हो, दारू सुटली नाही अशाही घरांबद्दल कधीतरी लिहा. ती बाई सगळ्या साक्षी वाचत असते आणि तिला वाटतं आपल्याच प्रार्थनेत काही खोट आहे.

दापोडीकर

एक राहिलं, जे आपले लोक उघड बोलत नाहीत. कोणाचा बाप्तिस्मा झाला, कोण उपासनेला येतं हे फोटोसकट टाकू नका. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, पुढे १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांनाही, पण ख्रिस्ती झालेल्या दलिताला नाही, म्हणजे ख्रिस्ती झाल्याचं उघड झालं की तो दर्जा जातो. हा अन्याय आहे आणि त्याविरुद्ध आपण बोललंच पाहिजे, पण एखाद्या घराचा निर्णय तुमच्या ब्लॉगवरच्या फोटोने जाहीर होऊ नये. कोणी केव्हा काय सांगायचं ते त्याचं त्याला ठरवू द्या. घरच्यांपासून लपून चर्चला येणाऱ्या मुलीही असतात.

कमेंटचं म्हणाल तर मंजुरीशिवाय दिसणार नाहीत अशी सेटिंग असते, पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. शिव्या उडवा. खरा प्रश्न विचारणाऱ्याला मात्र जरूर उत्तर द्या, १ पेत्र ३:१५ मध्ये सांगितलंय तसं सौम्यतेने. आणि दुसऱ्याच्या देवाबद्दल, सणांबद्दल एक वाकडा शब्द नको, जाणूनबुजून धार्मिक भावना दुखावण्याचं कलम भारतीय न्याय संहितेत २९९ आहे, पण कायदा नसता तरी नकोच. आपल्या अर्ध्या नातेवाईकांच्या घरी गणपती बसतो.

शेवंती_नगर

खूप खूप आभार सगळ्यांचे. पाळकसाहेबांशी काल बोलले, ते दर शनिवारी वाचून देतो म्हणाले. मी असं ठरवतेय की रोज नाही, आठवड्याला एकच, आणि पहिले काही महिने फक्त बायबलमधलं लूकचं शुभवर्तमान क्रमाने, साक्षी नंतर बघू. एक शेवटचं, वचन कुठल्या बायबलमधून टाकू? कॉपीराइटचं काही असतं का?

पाळकाचा_मुलगा

असतं. बायबल सोसायटीचं पवित्र शास्त्र, म्हणजे त्यांचं मराठी बायबल, सोसायटीच्या कॉपीराइटमध्ये आहे. मननापुरती एकदोन वचनं आणि खाली आवृत्तीचं नाव एवढं चालून जातं, अख्खे अध्याय टाकायचे तर त्यांना लिहून विचारा, पहिल्या पानांवर सूचना छापलेली असते ती बघा. पंडिता रमाबाईंचं भाषांतर कॉपीराइटमधून मोकळं आहे, त्या १९२२ ला गेल्या आणि बायबल १९२४ ला छापून झालं. लूकपासून सुरू करताय तर दोन्ही शेजारी ठेवून वाचा. आणि आठवड्याला एक हेच बरोबर, रोजचं केलंत की सकाळी वचन वाचताना स्वतःसाठी न वाचता पोस्टसाठी वाचलं जातं. ग्रुपवरचं मनन मात्र बंद करू नका, तिथल्या कितीतरी बायका लिंक उघडणार नाहीत.