मदत हवी आहे: बाबांचं डायलिसिस, फिस्टुला आत्ताच करावा का?
बाबांना १८ वर्षांपासून मधुमेह आहे. ईजीएफआर (किडनी किती काम करते ते दाखवणारा आकडा) गेल्या वर्षी २८ होता, आता १७ वर आलाय; म्हणजे किडनीच्या आजाराचा चौथा टप्पा. हिमोग्लोबिन ८.९. मूत्रपिंडात तयार होणारं, लाल रक्तपेशी बनवायला लावणारं एरिथ्रोपोएटिन कमी पडल्यामुळे रक्त कमी झालंय, असं डॉक्टर म्हणाले. त्याची इंजेक्शनं सुरू आहेत. पोटॅशियम सध्या ठीक आहे.

डॉक्टर म्हणतात, हातात फिस्टुला (शीर आणि धमनी यांची जोडणी) आत्ताच करून घ्या, कारण जोडल्यावर ती शीर डायलिसिसच्या सुईसाठी तयार व्हायला दीड-दोन महिने किंवा जास्तही लागतात. ऐनवेळी मानेत कॅथेटर (नळी) घालावा लागला तर जंतुसंसर्गाची भीती जास्त. मला हे पटतं. बाबांना नाही. "मला लघवी व्यवस्थित होते, मग किडनी खराब कशी?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न! (लघवी होते, पण विषारी द्रव्यं मागेच राहतात, हे दहादा सांगून झालंय.)

ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी सांगा: फिस्टुला वेळेत केला होता का? आणि घरी करायचं पोटाचं डायलिसिस कुणी निवडलंय का? दवाखान्यात जाऊन आठवड्यातून तीनदा चार-चार तासांच्या डायलिसिसला बाबा तयार होतील असं वाटत नाही.