पेद्रीच्या दुखापती: दोष 73 सामन्यांचा की आणखी कशाचा?

मधलीफळी यांचा प्रश्न

नमस्कार. बार्सिलोनाचा मधल्या फळीतील खेळाडू पेद्री याच्या कारकिर्दीविषयी जाणकारांचे मत हवे आहे. 2020-21 च्या हंगामात क्लब आणि देश मिळून तो 73 सामने खेळला. त्या हंगामाच्या सुरुवातीला त्याला 18 वर्षेही पूर्ण झाली नव्हती. पुढची तीन वर्षे मांडीच्या स्नायूंनी त्याला सुखाने खेळू दिले नाही. अति खेळवल्यामुळेच त्याच्यावर ही वेळ आली, असे सर्रास म्हटले जाते. मात्र याच पेद्रीने 2024-25 मध्ये एकट्या क्लबसाठी 59 सामने खेळून दाखवले आणि त्याचा खेळ पूर्वीपेक्षाही बहरला. मग दोष सामन्यांच्या संख्येला द्यायचा की आणखी कशाला?

कोपऱ्यातला झेंडा

73 हा आकडा खरा असला तरी माझ्या मते तो अर्धीच हकिगत सांगतो. घात केला तो न मिळालेल्या विश्रांतीने.

टेनेरिफ बेटावरील तेगेस्ते येथे वाढलेला हा मुलगा 2019-20 मध्ये लास पाल्मासकडून स्पेनच्या दुसऱ्या श्रेणीत खेळत होता. 50 लाख युरोंच्या मूळ रकमेला घेतलेल्या या खेळाडूला बार्सिलोना लोनवर, म्हणजे तात्पुरते दुसऱ्या क्लबकडे, पाठवील, असाच अनेकांचा अंदाज होता. परंतु प्रशिक्षक रोनाल्ड कूमन यांनी त्याला संघात ठेवले आणि तो पहिल्याच हंगामात क्लबसाठी 52 सामने खेळला. त्यानंतर आली युरो, म्हणजे युरोपातील राष्ट्रीय संघांची स्पर्धा. स्पेनच्या सहाही सामन्यांत तो सुरुवातीपासून मैदानात होता आणि त्यांपैकी तीन सामने जादा वेळेपर्यंत लांबले. इटलीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात त्याने 66 पैकी 65 पास अचूक दिले, आणि तेही वेम्बलीवर, व्हेराटी आणि जोर्जिन्यो यांच्यासारख्या मुरलेल्या खेळाडूंसमोर. स्पर्धेतील सर्वोत्तम युवा खेळाडूचा मान त्याला मिळाला तो उगाच नव्हे.

आता तारखा पाहा. तो उपांत्य सामना 6 जुलै 2021 चा. 22 जुलैला तो जपानमध्ये साप्पोरो येथे इजिप्तविरुद्ध ऑलिंपिकचा सामना खेळत होता. 7 ऑगस्टला योकोहामात ब्राझीलविरुद्धची अंतिम लढत जादा वेळेत गेली आणि स्पेनला रौप्यपदकावर समाधान मानावे लागले. त्यानंतर आठच दिवसांनी, 15 ऑगस्टला, रेआल सोसिएदादविरुद्धच्या ला लीगाच्या, म्हणजे स्पेनच्या अव्वल श्रेणीच्या, सामन्यात तो पुन्हा सुरुवातीच्या अकरा जणांत होता! त्याला थोडी सुट्टी मिळाली ती नवा हंगाम सुरू झाल्यावर, आणि 14 सप्टेंबरला बायर्न म्युनिकविरुद्ध त्याची मांडी दुखावली. त्या हंगामात ला लीगाच्या 38 पैकी केवळ 12 सामन्यांत तो खेळू शकला. दोन हंगामांच्या मधली उन्हाळी सुट्टी त्याच्या वाट्याला आलीच नाही, ही बाब मला 73 या आकड्यापेक्षा गंभीर वाटते.

पुनर्वसन

खेळाडूंना दुखापतीनंतर पुन्हा उभे करण्याचे काम मी करते, म्हणून थोडी भर घालते. वेगाने धावताना पुढे गेलेला पाय जमिनीवर टेकण्यापूर्वी त्याला आवर घालण्याचे काम हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू, करतो. त्या क्षणी तो ताणलेलाही असतो आणि जोरही लावत असतो, आणि धावताना तो बहुधा तिथेच फाटतो. थकलेल्या स्नायूची ही क्षमता घटते, म्हणून वरील तारखांचे महत्त्व मला मान्य आहे.

पण सगळे खापर 2021 च्या उन्हाळ्यावर फोडणे मला पटत नाही. हॅमस्ट्रिंग एकदा दुखावला की तो पुन्हा दुखावण्याची शक्यता वाढते. आधीची दुखापत हेच पुढच्या दुखापतीचे एक मोठे कारण ठरते. एप्रिल 2022 मध्ये आइनट्राख्ट फ्रँकफुर्टविरुद्ध त्याचा हॅमस्ट्रिंग दुखावला, त्याचे मूळ सामन्यांच्या संख्येइतकेच आदल्या वर्षीच्या मांडीच्या दुखापतीतही शोधावे लागेल. वेदना थांबल्या म्हणजे स्नायू बरा झाला, असे होत नाही. पूर्ण वेगाने वारंवार धावण्याची ताकद हळूहळू परत आणावी लागते आणि 18-19 वर्षांच्या, खेळायला आसुसलेल्या मुलाला थोपवून धरणे फार अवघड असते. शिवाय 5 जुलै 2024 रोजी श्टुटगार्टमध्ये जर्मनीच्या टोनी क्रूसशी झालेल्या टकरीत त्याचा गुडघा दुखावला, ती दुखापत या हिशेबात धरू नये. तो आघात होता.

उलटा पास

आघाडीच्या फळीतील आन्सू फातीचे उदाहरण इथे विसरून चालणार नाही. तोही 2002 मध्येच जन्मलेला आणि बार्सिलोनाचाच. नोव्हेंबर 2020 मध्ये रेआल बेतिसविरुद्ध त्याच्या गुडघ्यातील कूर्चा दुखावली, तेव्हा त्याने पेद्रीइतके सामने खेळलेलेही नव्हते. त्याच्यावर एकाहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, मेस्सी गेल्यावर 10 क्रमांकाची जर्सी मिळाली, पण पूर्वीचा वेग परत आला नाही. तेव्हा केवळ सामने मोजून कोणाचे भवितव्य वर्तवता येत नाही.

पेद्री सावरला याचे एक कारण त्याच्या खेळात आहे, असे मला वाटते. त्याची मदार वेगावर नाही. चेंडू पायाशी येण्यापूर्वीच तो मान वळवून मागे कोण आहे ते पाहून घेतो आणि अर्धवट वळलेल्या स्थितीत चेंडू घेतो, त्यामुळे पहिल्याच स्पर्शात प्रतिस्पर्धी मागे पडतो. 2024-25 मध्ये प्रशिक्षक हान्सी फ्लिक यांनी त्याला थोडे मागे, बचाव फळीच्या जवळ आणले, तेव्हा चेंडू हिसकावून घेण्यातही तो किती पटाईत आहे हे दिसले. त्या हंगामात बार्सिलोनाने ला लीगा आणि कोपा देल रे ही स्पेनची चषक स्पर्धा जिंकली. त्याचा धोका मात्र टळलेला नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये डाव्या मांडीचा हॅमस्ट्रिंग पुन्हा दुखावला.

मधलीफळी

सर्वांचे आभार. म्हणजे सामन्यांच्या संख्येबरोबर दोन सामन्यांतील आणि दोन हंगामांतील अंतरही पाहायला हवे. 2024 मध्ये बार्सिलोनाचाच 17 वर्षांचा लामिन यामाल युरो जिंकल्यानंतर पॅरिस ऑलिंपिकला गेला नाही, हा निर्णय मला आता अधिक मोलाचा वाटतो.